फलक उतरवा, हिशेब भिंतीवर लावा

ताई,

मी सिंचन अभियंता. दोन वर्षांपासून परदेशी मदतीवर चाललेल्या एका ग्रामविकास प्रकल्पात आहे. देशाचं नाव कृपया छापू नका, माझे स्थानिक सहकारी तिथेच राहतात. ४२ गावं, छोटे कालवे, विहिरी, थोडं बियाणं असं काम आहे. मुदत संपायला १४ महिने उरलेत आणि निम्मा निधी अजून तसाच पडून आहे. सहा महिन्यांपूर्वी मुख्य रस्त्यावर एका सशस्त्र गटानं नाका बसवला. सिमेंटच्या प्रत्येक ट्रकमागे ते पैसे मागतात. गेल्या महिन्यात त्यांच्या माणसानं लाभार्थ्यांची यादीही मागितली. मुख्यालय म्हणतं, एक पैसाही द्यायचा नाही, पण सप्टेंबरपर्यंत ७० टक्के खर्च दिसला पाहिजे. डोनरला, म्हणजे पैसे देणाऱ्या संस्थेला, प्रत्येक विहिरीवर बोधचिन्हाचा फलक आणि त्याचा फोटो हवा. ड्रायव्हर म्हणतो, "साहेब, एकतर तो फलक काढा, नाहीतर मला काढा." कंत्राटदार म्हणतो, "नाक्याचं मी बघतो, तुम्ही त्यात पडू नका." शेजारच्या खोऱ्यातली गावं यादीत नाहीत, तिथली पोरं आमच्या गाड्यांवर दगड मारतात. आमच्या येण्यानं इथलं बिघडलं का? थांबू की परत जाऊ? दर रविवारी आईला "पुढच्या महिन्यात येतो" असं सांगतो.

— कालव्यावरचा

(पत्र थोडं आटवलंय. ओळख पटेल असे तपशील गाळलेत.)

प्रिय कालव्यावरचे,

ड्रायव्हरचं वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात. मी तिथूनच सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रात रस्ता वाचता येणारा माणूस तो एकटाच आहे. मुख्यालय अहवाल वाचतं, डोनर फोटो बघतो, तुम्ही नकाशा वाचता. नाक्यावर आज कोणता पोरगा बसलाय आणि तो कुणाचा भाचा आहे हे ड्रायव्हरला कळतं. आणि पगार सगळ्यात कमी त्याचाच असणार, हे मी पैजेवर सांगते.

२०२४ साली जगभरात ३८३ मदत-कर्मचारी मारले गेल्याचं संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलं. तोवरचा तो उच्चांक होता. मेलेल्यांमधले बहुतेक जण बाहेरून गेलेले नव्हते, त्याच देशातले होते. ड्रायव्हर, पहारेकरी, गावोगाव फिरणारे कार्यकर्ते. परिस्थिती बिघडली की तुमच्यासाठी विमान येतं आणि ड्रायव्हरला घरी परतावं लागतं, त्याच रस्त्यानं. म्हणून फलकाचा निर्णय मुळात त्याचा आहे, आणि तो त्यानं दिलेला आहे. या आठवड्यात फलक उतरवा.

डोनरचं काय, असं तुम्ही विचाराल. सुरक्षेच्या कारणावरून फलकातून सूट मागण्याची सोय मोठ्या डोनरांच्या नियमांत असते. युरोपीय संघाच्या नियमांत ती आहे, अमेरिकी सरकारची मदतसंस्था यूएसएड चालू होती तेव्हा तिच्याही होती. ही सूट कुणी आपणहून देत नाही, मागावी लागते, आणि बहुतेक जण मागतच नाहीत, कारण मुख्यालयातल्या प्रसिद्धी विभागाशी वाद कोण घालणार! एका पानाचं पत्र लिहा. कोणत्या तारखेला, कोणत्या ठिकाणी, कुणाची गाडी अडवली गेली, एवढंच. विशेषणं नकोत. फोटो हवेच असतील तर कामाचे घ्या. चेहरे नकोत आणि नेमकं ठिकाण सांगणारा मजकूर तर मुळीच नको. काबूलमध्ये ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांनी परदेशी संस्थांची ओळखपत्रं आणि प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं स्वतःच्या हातानं जाळली होती. आदल्या वर्षापर्यंत तीच घरात फ्रेम करून लावलेली असतील.

आता कंत्राटदार. तुमच्या सगळ्या पत्रात मला सर्वांत जास्त भीती वाटली ती "नाक्याचं मी बघतो" या वाक्याची. तो कसं बघणार? पैसे देऊनच बघणार. ते पैसे त्याच्या खिशातून जाणार नाहीत, तुमच्या कालव्यातून जातील. तुम्ही अभियंता आहात, तुम्हाला कुणाला विचारायचीही गरज नाही. गेल्या दोन महिन्यांत झालेल्या कालव्याच्या सिमेंटच्या अस्तराची कड एखाद्या ठिकाणी फोडा आणि टेप लावा. आराखड्यात दहा सेंटिमीटर असेल आणि तिथे सात भरले, तर नाक्याचा दर तुम्हाला कळला.

ही गोष्ट नवी नाही, लहानही नाही. अफगाणिस्तानात अमेरिकी सैन्याला रसद पोचवण्याचं २.१६ अब्ज डॉलरचं ट्रक-कंत्राट होतं. २०१० साली अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या एका उपसमितीनं त्याची चौकशी केली तेव्हा दिसलं की ट्रक सुखरूप जाण्यासाठी उपकंत्राटदार रस्त्यावरच्या सरदारांना 'संरक्षणा'चे पैसे मोजत होते, आणि त्यातले काही बंडखोरांपर्यंत जात असण्याची शक्यताही समितीनं नोंदवली. म्हणजे ज्यांच्याशी लढाई, त्यांचा खर्चही याच तिजोरीतून. कागदोपत्री सगळं नीट होतं, कारण पैसे 'वाहतूक' या सदराखाली होते. तुमच्या कंत्राटदाराच्या बिलातही ते वाहतुकीतच असतील. आणि तो गट बंदी घातलेल्यांच्या यादीतला निघाला तर "मला माहीत नव्हतं" हे तुमचं उत्तर कुणी ऐकून घेणार नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेनं ठराव क्रमांक २६६४ करून मानवतावादी मदतीला आणि मूलभूत गरजा भागवणाऱ्या कामांना निर्बंधांतून सवलत दिली. विहीर त्यात बसेल, असं म्हणता येईल. बियाणं, कालवा, रस्ता बसतो का, यावर वकील वाद घालतात. त्या वादाचा खर्च तुम्हाला परवडणारा नाही.

पण "एक पैसाही द्यायचा नाही" असं लांबून सांगणं सोपं असतं, आणि त्याचीही किंमत कुणीतरी भरतं. सोमालियाच्या दक्षिण भागातून जानेवारी २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमानं काम थांबवलं. अल-शबाब या सशस्त्र गटाच्या धमक्या होत्या, खंडणी होती, पुढे त्या गटानं अनेक संस्थांवर बंदीच घातली. दुसरीकडे देणाऱ्या देशांना दहशतवादविरोधी कायद्यांची धास्ती होती. मग पाऊस गेला. २० जुलै २०११ रोजी दुष्काळ जाहीर झाला, आणि ऑक्टोबर २०१० ते एप्रिल २०१२ या काळात सुमारे २ लाख ६० हजार माणसं गेली, त्यातली निम्मी पाच वर्षांखालची मुलं. तुमचा प्रकल्प कालव्यांचा आहे, अन्नवाटपाचा नाही, तेव्हा तो थांबला म्हणून उद्या कुणी उपाशी मरणार नाही. हा फरक ध्यानात ठेवा, काम थांबवायची मोकळीक तुम्हाला आहे.

मधली वाट एक आहे. माओवादी संघर्षाच्या काळात, २००३ साली, नेपाळमध्ये काम करणाऱ्या अनेक देणगीदारांनी मिळून कामाच्या किमान अटी लिहून काढल्या. आमच्या गाड्यांत हत्यारबंद माणूस बसणार नाही, मग तो सैन्याचा असो की माओवाद्यांचा. कुणालाही सक्तीची वर्गणी देणार नाही. सामानाची चोरी आणि पळवापळव चालवून घेणार नाही. हे पत्रक त्यांनी उघडपणे दोन्ही बाजूंना सांगितलं, गावांतही पोचवलं. त्यानं सगळं सुरळीत झालं असं नाही, पण एक मोठी सोय झाली. नाक्यावर अडवलेल्या कर्मचाऱ्याला "मी देत नाही" असं म्हणावं लागत नव्हतं. "आमच्यातल्या कुणालाच देता येत नाही, हे बघा" असं म्हणता येत होतं. नकार त्याच्या अंगावर येत नव्हता. तुमच्या भागात आणखी चार संस्था असतीलच. त्यांच्याबरोबर बसा. एकट्या संस्थेचा नकार हा हट्ट ठरतो, पाचांचा एकत्र नकार हा नियम ठरतो. तो नियम स्थानिक भाषेत एका कार्डावर छापून ड्रायव्हरच्या समोरच्या कप्प्यात ठेवा. शेवटची ओळ अशी असू द्या: अडवलं तर गाडी वळवून परत यायचं, दिवस वाया गेला तरी चालेल, पगार कापला जाणार नाही.

त्याहून चांगला उपाय मात्र तुमच्याच हातात आहे. नाक्यावरून जाणारा माल कमी करा. प्रत्येक कालव्याला सिमेंटचं अस्तर हवंच आहे का? खोऱ्यात दगड आहे, दगड रचणारी माणसं आहेत. तारेच्या जाळीत दगड भरलेले गॅबियन बांध, सिमेंटशिवाय दगड रचून केलेलं कोरडं पिचिंग, मातीचे पाट आणि दरवर्षी गावानं काढायचा गाळ. पाणी थोडं जास्त झिरपेल, फोटोत तितकं देखणं दिसणार नाही. पण ज्याला ट्रकच लागत नाही ते काम कुणी नाक्यावर अडवू शकत नाही, आणि ज्याची दुरुस्ती पहारीनं होते ते काम तुमच्या मागे टिकतं.

याचं एक फार महागडं उदाहरण अफगाणिस्तानातल्या हेलमंद नदीवर आहे. कजाकी धरण १९५३ चं, अमेरिकी कंपनीनं बांधलेलं. त्याखालच्या नव्या जमिनींत पाणी साचलं, क्षार वर आले, ते दुखणं वेगळंच. पुढे तिथे आणखी एक टर्बाइन बसवायचं ठरलं. २०० टनांहून जास्त वजनाची ती यंत्रणा २००८ मध्ये शंभराच्या आसपास गाड्यांच्या ताफ्यातून, काही हजार सैनिकांच्या पहाऱ्यात, तालिबानच्या मुलखातून धरणापर्यंत नेली. ब्रिटिश वर्तमानपत्रांत मोठ्या कौतुकानं छापून आलं. मग लक्षात आलं की ती बसवायला शेकडो टन सिमेंट लागेल, आणि तेवढं सिमेंट न्यायला तोच रस्ता पुन्हा लढून मिळवावा लागेल. यंत्रणा वर्षानुवर्षं तशीच पडून राहिली, २०१६ मध्ये कुठे ती चालू झाली. मधल्या काळात धरणाची जी वीज येत होती तिची बिलं काही भागांत तालिबानच वसूल करत होते. यंत्र पोचवलं म्हणून पदकं मिळाली असतील. सिमेंटचा हिशेब कुणी आधी केला नाही. तुमच्या ४२ गावांत असं 'सिमेंट' कोणतं आहे, ते शोधा. बहुधा एखाद्या पंपाचा वॉशर असेल, जो फक्त नाक्यापलीकडच्या शहरात मिळतो.

यादीचं थोडक्यात सांगते, कारण तिथे दोन मतं नाहीत. लाभार्थ्यांची यादी द्यायची नाही. नाक्यावाल्यांना नाही, आणि "सुरक्षेसाठी हवी" म्हणून मागणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यालाही नाही. कुणाकडे किती जमीन, कोणत्या घरात तरुण मुलगा, कोणतं घर बाईच्या नावावर, हे सगळं त्या कागदावर असतं आणि ते कर वसुलीपासून भरतीपर्यंत कशालाही उपयोगी पडतं. येमेनमध्ये जून २०१९ मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमानं हुथी बंडखोरांच्या ताब्यातल्या सना शहरातली मदत अंशतः थांबवली होती. वाद होता लाभार्थ्यांच्या बायोमेट्रिक, म्हणजे बोटांच्या ठशांसारख्या खुणा घेऊन केलेल्या, नोंदणीचा. मदत खऱ्या गरजूंना जावी म्हणून संस्थेला ती हवी होती, आणि माहिती कुणाच्या हाती राहणार यावर सगळं अडलं होतं. तुम्ही कामांची यादी मोकळेपणानं दाखवा: इथे विहीर, तिथे पाट, एवढा खर्च. माणसांची यादी लॅपटॉपवरही ठेवू नका. गावाला ती तोंडपाठ असते.

आता दगडांकडे येऊ, कारण "आमच्या येण्यानं बिघडलं का" या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. हो, थोडं बिघडलं.

फिलिपिन्समध्ये जागतिक बँकेच्या पैशानं २००३ पासून एक ग्रामविकास कार्यक्रम चालला. प्रत्येक निवडलेल्या प्रांतातले सगळ्यात गरीब एक चतुर्थांश तालुके त्यासाठी पात्र होते. त्यामुळे संशोधकांना एक आयती संधी मिळाली. रेषेच्या जेमतेम आतले तालुके आणि जेमतेम बाहेरचे, गरिबी जवळपास सारखी, फरक फक्त पैसा येण्याचा. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की पात्र तालुक्यांत संघर्षातले बळी वाढले. आणि ते वाढले केव्हा? काम चालू झाल्यावर नव्हे, तर त्याआधी, सभा-बैठकांच्या तयारीच्या टप्प्यात. प्रकल्प यशस्वी झाला तर लोक सरकारकडे झुकतील, या भीतीनं बंडखोरांनी तो मुळातच हाणून पाडायचा प्रयत्न केला, असा संशोधकांचा अर्थ.

मी हे वाचलं तेव्हा मला मी काम केलेल्या प्रकल्पांतल्या घोषणेच्या सभा आठवल्या. मांडव, पाहुणे, टाळ्या, आणि मग आठ महिने कागदपत्रं. त्या आठ महिन्यांत गावात पैसा नसतो, पैशाची बातमी मात्र असते. मारामारी बातमीवरूनच होते. तेव्हा उरलेल्या १४ महिन्यांत नवं काही जाहीर करू नका. कुदळ मारायच्या आदल्या दिवशी सांगितलं तरी गावाला पुरतं. शेजारच्या खोऱ्यातल्या पोरांकडे वडीलधाऱ्यांमार्फत निरोप धाडा आणि त्यांना खरं सांगा: तुम्हाला वगळलं कारण कुणीतरी दूरच्या शहरात नकाशावर रेघ ओढली, तुमच्यात खोट आहे म्हणून नाही. जमलं तर दगड फोडायचं आणि रचायचं मजुरीचं काम दोन्ही खोऱ्यांत वाटा. विहीर देता येत नसेल, रोजगार देता येईल.

माझ्या स्वतःच्या पापाचा पाढाही वाचते, म्हणजे तुम्ही एकटे नाही हे कळेल. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आम्ही दोन गावांच्या बरोबर मध्ये हातपंप बसवला. मोजून, नकाशावर अंतर काढून. दोघांना समान न्याय! एका म्हाताऱ्यानं सभेत सांगितलं होतं, "पाणी गावात असू दे, वाटेवर नको." मी वहीत लिहिलं: 'बदलाला विरोध.' ती ओळ माझ्या अक्षरात आजही माझ्याकडे आहे. दीड महिन्यात हत्यारबंद पोरं पंपाशेजारच्या झाडाखाली येऊन बसायला लागली. त्यांना कुणाच्या मागे जावं लागत नव्हतं, सगळा मुलूख आपणहून घागरी घेऊन त्यांच्यापुढून जात होता. कुणाचा मुलगा घरी आलाय, कोण परगावी गेलाय, हे बायकांकडून ऐकता येत होतं. मग बायका जुन्या झऱ्यावर जायला लागल्या, दोन तास चालून. आमच्या तिमाही अहवालात त्या पंपासमोर 'चालू स्थितीत' असं लिहिलेलं होतं. ते खोटं नव्हतं. पंप चालूच होता, दांडा हापसला की पाणी यायचं.

म्हणून तुम्हाला सांगते, प्रत्येक विहिरीच्या नोंदीत एक रकाना वाढवा: गेल्या आठवड्यात इथे पाणी भरायला कोण आलं नाही, आणि का. तो रकाना बाईनंच भरला पाहिजे. ती तुमच्या टीममध्ये नसेल, किंवा तिला फिरायची परवानगीच नसेल, तर निदान हे कबूल करा की अर्ध्या गावाचं तुम्हाला काही माहीत नाही. अफगाणिस्तानात २४ डिसेंबर २०२२ रोजी स्त्रियांना बिगरसरकारी संस्थांत काम करायला बंदी झाली. त्या दिवशी अनेक प्रकल्पांचे डोळेच गेले.

आता सप्टेंबरचे ७० टक्के. हा आकडा कुठून येतो हे तुम्हालाही माहीत आहे. निधी खर्च झाला नाही तर पुढच्या वर्षी कमी मिळतो, म्हणून खर्च हेच यश. अफगाणिस्तानच्या पुनर्बांधणीवर अमेरिकेनं २० वर्षांत सुमारे १४५ अब्ज डॉलर ओतले. त्यावर लक्ष ठेवणाऱ्या विशेष महानिरीक्षकांच्या कार्यालयानं ऑगस्ट २०२१ च्या अहवालात हेच म्हटलं की काय साधलं यापेक्षा किती खर्च झाला हीच यशाची फूटपट्टी होऊन बसली होती. अशांत प्रदेशात घाईनं ओतलेला पैसा पाण्यासारखाच उताराकडे वाहतो, आणि उताराच्या तोंडाशी नाका असतो.

उलट बाजूचं उदाहरणही त्याच देशातलं. २००३ साली तिथे राष्ट्रीय एकता कार्यक्रम सुरू झाला. गावानं गुप्त मतदानानं विकास समिती निवडायची, काय बांधायचं ते स्वतः ठरवायचं, कुटुंबामागे २०० डॉलर आणि गावाला जास्तीत जास्त ६० हजार डॉलर थेट अनुदान, दहा टक्के वाटा गावाचा, श्रमाच्या रूपात चालेल. जमाखर्च सगळ्यांना दिसेल असा लावायचा. अशा ३० हजारांहून अधिक समित्या झाल्या. ५०० गावांच्या पाहणीत, ज्यातली निम्मी कार्यक्रमासाठी चिठ्ठ्या टाकून निवडली होती, पिण्याचं पाणी आणि वीज सुधारल्याचं दिसलं, सरकारबद्दलचं मतही सुधारलं. पण पाकिस्तानच्या सीमेलगतच्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत तो बदल दिसला नाही. त्यामुळे समिती म्हणजे जादू असं समजू नका. पूर्व काँगोत ब्रिटिश मदतीनं हजाराहून अधिक गावांत लोकशाही समित्यांचं मोठं काम झालं. नंतर संशोधकांनी कार्यक्रमातल्या आणि बाहेरच्या काही गावांना बिनशर्त हजार हजार डॉलर देऊन पाहिलं, कोण कसं वापरतं ते. दोन्हींत लक्षात येण्याजोगा फरक निघाला नाही. आपण शिकवण्याच्या आधीही गावं पैसे सांभाळत होती, असाही त्याचा अर्थ लावता येतो. मला तो पटतो.

तेव्हा मुख्यालयाला असं लिहा: सप्टेंबरपर्यंत ७० टक्के होणार नाहीत, ५५ होतील. सिमेंटचं अस्तर असलेली कामं बदलून दगडी करतो आहोत, त्यांचा दर कमी आहे. उरलेला पैसा दुरुस्तीच्या सामानासाठी आणि स्थानिक लोकांच्या पगारासाठी राखून ठेवावा. जादा निधी न देता नुसती मुदतवाढ द्यावी. आकडे स्वच्छ मांडा आणि सही करा. फार तर तुमचं पुढचं कंत्राट जाईल. माझं एकदा गेलं होतं. आणि फलक उतरवलेल्या भिंतीवर, गावच्या भाषेत, मोठ्या अक्षरात लिहा: किती आले, कशावर गेले, किती उरले, समितीत कोण. कुणी दिले ते लिहिलं नाही तरी गावाला माहीत असतं. हिशेब उघडा असला की नाक्यावाल्याला तुमच्याकडे लपवलेला खजिना आहे असं वाटत नाही, आणि कंत्राटदाराला वाहतुकीच्या सदरात फार खेळता येत नाही.

थांबू की जाऊ? तुम्ही गोळीबाराचा विचार करून हा प्रश्न विचारलाय. पैसा थांबायला गोळीच लागते असं नाही. २० जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये एका सहीनं अमेरिकेची परदेशी विकास मदत ९० दिवसांसाठी गोठली, आणि १ जुलैला यूएसएडचं काम अधिकृतपणे संपलं. कुठे अर्धवट खोदलेल्या विहिरी, कुठे गोदामात पडलेला माल. निवडणूक झाली होती दुसऱ्याच खंडात. जुलै २०२३ मध्ये नायजरमध्ये सत्तापालट झाला तेव्हाही युरोपची बरीचशी मदत काही दिवसांत थांबली. तुमचे १४ महिने कागदावर १४ आहेत. तुम्ही तीनच आहेत असं धरा, आणि तीन-तीन महिन्यांचे असे तुकडे पाडा की कोणत्याही तुकड्याच्या शेवटी सगळं थांबलं तरी शेत अर्धवट खणलेलं राहू नये. पाट घेतलाय तर तोंडापासून शेवटच्या वाफ्यापर्यंत. पन्नास टक्के झालेल्या चार कालव्यांपेक्षा पाणी वाहणारे दोन कालवे बरे. उरलेले दोन सुरूच करू नका.

म्हणजे माझं उत्तर असं: पहिले तीन महिने थांबा, पण बांधायला नव्हे, सोपवायला. कालव्याच्या दरवाजांच्या किल्ल्या गावच्या समितीकडे द्या. पंप उघडून बसवायला गावातल्या दोघांना, खरंतर तिघांना शिकवा, कारण एक शहरात निघून जातो. दोन वर्षांचे वॉशर आणि दांड्या आणून गावातच ठेवा. स्थानिक सहकाऱ्यांच्या करारात तुम्ही गेल्यावरचा सहा महिन्यांचा पगार आणि गरज पडली तर कुटुंबाला हलवण्याचा खर्च लिहून घ्या. हे आधी, तुमच्या तिकिटाच्या आधी. मुख्यालय नाही म्हणालं तर तेवढ्यावरून राजीनामा द्यायला माझी हरकत नाही, बाकीच्या कशावरूनही घाई करू नका. तीन महिन्यांनी ड्रायव्हरला विचारा, साहेब असताना रस्ता सोपा आहे की नसताना. तो जे सांगेल ते करा.

रविवारी आईला "पुढच्या महिन्यात" म्हणणं बंद करा. एक तारीख ठरवा आणि तिला सांगा. तीच तारीख दुसऱ्या दिवशी समितीलाही सांगा. किल्ल्या मोजून घ्यायला त्यांना वेळ लागेल.

— ताई